बिनपंख्याचा बोर्ड

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय खुडबुड्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं आहोत तशी आहोत, आणि तू बरा असशील असं धरून चालले आहे. थंडी पडायला लागली. बाबांनी तपकिरी स्वेटर बाहेर काढलाय. त्याच्या कोपराचं भोक मी शिवते शिवते म्हणता म्हणता मूठ जाईल एवढं झालंय. शिवणाऱ्या बाईची मुलगी आणि बापाच्या कोपराला भोक, असं शेजारच्या काकू म्हणाल्याच. मी त्यांना स्वेटर काढूनच देणार होते, पण बाबा अंगातून काढायला तयार नाहीत.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि तिसऱ्या 'हं'ला तुला दुसरा फोन येतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय माझ्या कानाला दिवसभर फोनच असतो. वीज कंपनीच्या तक्रार खात्यात लोकांनी ओरडायचं आणि आम्ही हळू बोलायचं, असा नियम आहे. घरी आल्यावर पुन्हा कुणाचा 'हॅलो' ऐकायची ताकद राहत नाही.

आता कामाचं. टीव्हीखालची पेटी, तुझा तो रेडिओच्या खोक्यातला कॉम्प्युटर, बाबांना चालू करून हवी आहे. लगेच हवी आहे. दोन वर्षं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ एकच विषय. जुना बोर्ड गेलाय, तेव्हा नवा बसवावा लागेल एवढं मला कळतं. कुठला, ते तू सांग. घरात या विषयातलं कळणारा तू एकटाच, आणि तू घरात नाहीस.

पेटीच्या आत काय आहे ते तुला माहीत आहे, तूच ती बांधलीस. बाहेरून आता कशी दिसते ते मी सांगते. बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या रेडिओचं ते लाकडी खोकं अजून तसंच चकचकीत आहे, मी पुसते. पुढची जाळी, दोन बटणं, सगळं जागेवर. पण मागची फळी तू काढून कपाटाला टेकवून ठेवली होतीस, ती अजून तिथेच टेकलेली आहे. मी एकदा लावायला गेले होते. बाबा म्हणाले, "ज्यानं उघडलं त्यानं मिटायचं." दुकानातला नियम, आठवतो ना? दुसऱ्यानं उघडलेल्या रेडिओला कुणी झाकण लावायचं नाही, कारण आत काय सुटं सोडलंय ते उघडणाऱ्यालाच ठाऊक. आणि निघालेले स्क्रू काडेपेटीत. त्या फळीचे चार स्क्रू असलेली काडेपेटी बाबांच्या खिशात असते. रोज सकाळी चहाच्या आधी ते ती कानाशी धरून खुळखुळवतात, आधी या कानाशी, मग त्या कानाशी. म्हातारपणाचा चाळा. मी काही म्हणत नाही.

मी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आले. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. दुकानदाराने पहिल्यांदा काढून दाखवला तो बोर्ड पेटवल्यावर लाल-निळा-हिरवा चमकायला लागला. म्हणाला, "गेम खेळायला एक नंबर आहे." मी म्हटलं, खेळणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना सापशिडीतसुद्धा हरलेलं चालत नाही. मग त्याने दुसरा काढला. तो चांगला होता, पण खोक्यात मावणार नाही हे मला डोळ्यांनीच दिसत होतं. आईच्या मापाच्या टेपने मी खोकं आतून मोजलंय, आकडे पत्राच्या मागे लिहिलेत. सगळ्यात लहान आकाराचा घ्यावा लागेल. तुझी जुनी डिस्क त्याला जोडता आली पाहिजे, टीव्हीची तार लागली पाहिजे. बाकी तो किती हुशार आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. एक माणूस खुर्चीत बसून जुनी चित्रं बघणार, एवढंच काम.

आणि पंखा नको. प्रोसेसरवर नको, मागे नको, कुठेच नको. कमी आवाजाचा वगैरेही नको. का ते विचारू नकोस, बाबांचा हट्ट समज.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हते आणि लिहीत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई


२ डिसेंबर

प्रिय खुडबुड्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, किंवा सावकाश लिहिलंयस. दोन्ही चांगलंच.

तू पाठवलेलं बोर्डाचं नाव मी दुकानदाराला दाखवलं. त्याने मान डोलावली. तुझी निवड चांगली आहे म्हणाला, दमदार आहे, दहा वर्षं बघायला नको. पण त्याच्यावर पंखा आहे. मी स्वच्छ लिहिलं होतं, तरी तू लिहितोस, 'पंख्याचा आवाज कुजबुजीएवढा असतो, बाबांच्या लक्षातही येणार नाही.' आणि खाली, 'डिस्क गेलेलीच असणार, नुसता बोर्ड बदलून काय होणार, माझ्या हातून एकदा वाटोळं झालं ते पुरे.' तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? शेळ्या माझ्याकडे आहेत.

पण चूक तुझी नाही. ताकाला जाऊन मीच भांडं लपवलं. आता सांगते.

बाबांचे कान चाललेत.

डावा कान जवळजवळ गेला. उजव्यात मशीन घातलंय, शेवाळी रंगाचं, चिमूटभर. दिवाळखोराच्या बोटात अंगठी असावी तसं ते दिसतं त्यांच्या कानात. ज्या माणसाने रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून 'मागच्या चाकाचा नट ढिला आहे' म्हणावं, त्याला मी 'जेवायला चला' तीनदा ओरडून सांगते. दिवसभर ऑफिसात हळू बोलायचं आणि घरी आल्यावर ओरडायचं, माझा घसा कायमचा बसलाय. कानाचे डॉक्टर म्हणाले, आवाज ऐकू येत राहतील, शब्द सुटत जातील. मग एक दिवस आवाजही. केव्हा, ते सांगता येत नाही. उन्हाळ्यापर्यंत बरंच काही जाईल असं धरा. बाबांनी त्यांना विचारलं, "दुरुस्त होणार नाही म्हणजे पार्ट मिळत नाही का?" डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत. घरी येताना रिक्षात त्यांनी मला फक्त एवढंच म्हटलं, "पेटी चालू करून घे."

ते मशीन माणूस आणि पंखा यात भेद करत नाही. तुझी ती कुजबुज त्यांच्या कानात गिरणीसारखी घरघरते आणि बोलणं तिच्याखाली बुडतं. म्हणून पंखा नको. आणि ती काडेपेटी. मी चाळा म्हटलं होतं. ते रोज सकाळी कान तपासतात रे. किती उरलंय ते बघतात. हे मला काडेपेटी खुळखुळत असताना वर्षभर कळलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर एका क्षणात कळलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले मी. नळ सोडायची खरं तर गरज नव्हती.

पुढचं ऐक, हे महत्त्वाचं आहे.

दुकानदार म्हणाला, जुना बोर्ड आणि डिस्क एकदा घेऊन या, बघू तरी. बाबांना विचारलं. म्हणाले, आतलं ने, फळीला हात लावू नकोस. शनिवारी पिशवीत घालून नेलं. दुकानदाराने बोर्ड हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला जवळ बोलावलं. बोर्डावर ते लहान लहान डबे असतात ना, बाबा ज्यांना कंडेन्सर म्हणतात ते, त्यांच्यातल्या तिघांची डोकी फुगलेली होती. एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी वाळलेलं. तो म्हणाला, "ताई, हा काही एका दिवसात गेलेला नाही. महिनोन्‌महिने मरत होता. शेवटी शेवटी बारीक शिटी मारत असणार. तुमच्याकडे कुणाला ऐकू आली नाही का?"

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हते, आता लिहिते.

आईला जाऊन वर्ष झालं म्हणून सगळे जमले होते, तू आवाज जरा खरखरतोय म्हणून फळी काढलीस, आत हात घातलास आणि पडदा काळा झाला. अंगात लोकरीचा स्वेटर होता तुझ्या. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लोखंडाला हात लावून अंगातली वीज सोडायची, मग आत हात घालायचा, हे लहानपणी शिकवलं होतं. तिचा आवाज मारलास तू." सकाळी उठले तर तुझी बॅग नव्हती. दोन वर्षं तू ते वाक्य घेऊन फिरतोयस, हे मला माहीत आहे. बाबाही तेच घेऊन घरात बसलेत, हे तुला माहीत नाही.

डिस्क दुकानदाराने त्याच्या मशीनला लावली. चालू झाली. काहीही गेलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे. भर दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, पडद्यावर आई आली. शिलाई मशीनवर बसलेली, कुणाचं तरी झबलं शिवत, तोंडात टाचण्या. तू कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरतोयस आणि ती दात न उघडता तुला काहीतरी सांगतेय. माझ्या शेजारचा गिऱ्हाईक म्हणाला, "काय म्हणतायत त्या?" मी म्हटलं, आम्हालाही कधी कळलं नाही. टाचण्या तोंडात असल्या की आई जे बोलायची ते फक्त बाबांना कळायचं.

घरी आले आणि बाबांना विचारलं. विचारलं म्हणजे ओरडले. शेजारच्या काकूंनी दार किलकिलं केलं एवढं ओरडले. "बाबा, बोर्ड आधीच जात होता. शिटी मारत होता. तुम्हाला ऐकू आली होती का?"

त्यांनी कानातलं मशीन बोटाने चाचपलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडणार होते.

"आली होती," म्हणाले. "पावसाळ्यापासून येत होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तो पेटी उचलून घेऊन गेला असता दुरुस्तीला. आठ दिवस, पंधरा दिवस. तेवढे दिवस ती बोलली नसती." मग म्हणाले, "वाटलं, चालतंय तोवर चालू दे. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या मी याच्यावरून. चालतंय तोवर चालू दे म्हणणाऱ्यांना. आणि मीच केलं."

"आणि बोल त्याला लावलेत?"

"तो समोर होता," म्हणाले.

बस, इतकंच. त्यानंतर जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. मला राग आला होता, खरंच आला होता, आणि त्याच वेळी त्यांच्या कोपराचं भोक दिसत होतं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

आता शेवटचं. दुकानदार भला माणूस आहे. म्हणाला, "ताई, बोर्डाचा खर्च कशाला करता? ही सगळी चित्रं एका पेनड्राइव्हवर घालून देतो. टीव्हीच्या मागे खुपसा, लागलीच दिसेल. त्याला पंखाही नाही." मला पटलं. कुणालाही पटेल. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला चित्रं बघायची नाहीत. मला पेटी नीट झालेली हवी आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी नीट कधी होते? मागची फळी लागते तेव्हा. फळी कोण लावणार? बोर्ड हे निमित्त आहे रे. त्यांचंही, माझंही. तुला सोपं जावं म्हणून मी बोर्डाबद्दल विचारत बसले.

तू ये. त्यांना शब्द ऐकू येतायत तोवर ये. त्यांना तुला काहीतरी सांगायचं आहे, आणि माझ्यापुढे एवढं बोलले तेच त्यांच्या मानाने खूप झालं. आणि दुसरं कारणही सांगून टाकते, उगाच मोठेपणा नको. मी दमलेय. चार दिवस तू ओरड त्यांच्याशी. मला दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं आहे.

पंखा नसलेला बोर्ड कळव.

तुझी,
ताई


२८ डिसेंबर

प्रिय खुडबुड्या,

तुझं जाड पाकीट मिळालं. पहिल्या पानावर बोर्डाचं नाव आणि पुढची सगळी पानं तो कसा बसवायचा त्याची. बाकी काही नाही. 'येतो' नाही, 'येत नाही' नाही. शेवटी 'बघतो' एवढा एक शब्द, तोही कोपऱ्यात.

पण बोर्ड छान आहे. दुकानदार म्हणाला, याला म्हणतात निवड. प्रोसेसर त्यालाच चिकटलेला, वर नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या, पंखा नाही. खोक्यात ठेवला तर सगळीकडून एक बोट जागा राहते. माझी मापं तू मागे-पुढे करून तपासलीस हे दिसतंय, कारण एका जागी मी चुकले होते आणि तुला ते इतक्या लांबून कळलं.

बाबांना मी तुझी पानं मोठ्याने वाचून दाखवली. तू लिहिलंयस, 'ताई, पहिल्यांदा हात कोरडे कर. लोकरीचं काही अंगात नको. मग नळाच्या लोखंडी पाइपाला हात लाव, नीट लाव, घाई करू नकोस. मगच आत हात घाल.' तिथे ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. म्हणाले, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा वाचताना मला कळलं की त्यांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. मग म्हणाले, "विसरला नव्हता म्हणजे." त्यांनी स्वतःहून तो स्वेटर काढून माझ्याकडे दिला. म्हणाले, "शिव आता." मी शिवला. वेडावाकडा झालाय, पण भोक नाही.

बोर्ड मी बसवला. तू ऐकतोयस ना, मी. बाबा स्टुलावर बसून बोटाने दाखवत होते, तुझी पानं मांडीवर. मी एक तार उलटी लावत होते तर त्यांनी हातावर चापट मारली, दुकानात आपल्याला मारायचे तशी. मला लहान झाल्यासारखं वाटलं, आणि बरं वाटलं. बटण दाबलं. एक दिवा लागला. काहीही आवाज नाही. मला वाटलं बिघडलंच. मग टीव्हीवर चित्र आलं.

त्यांनी तेच लावायला सांगितलं, टाचण्यांचं. खुर्ची अगदी पेटीजवळ ओढून उजवा कान जाळीला लावला. शिलाई मशीन चालायला लागलं तसं त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "तेल द्यायला झालंय." आई बोलायला लागली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते थांबले, पुन्हा लाव म्हणाले. मी पुन्हा लावलं. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "काय म्हणतेय गं?"

मला कुठे कळतंय, खुडबुड्या? टाचण्या आहेत तिच्या तोंडात. ते एकट्या त्यांनाच कळायचं, आणि आता ते मला विचारत होते. मी म्हटलं, खोटं का बोलू, मला नाही कळत. ते म्हणाले, "त्याला माहीत असेल. त्याच्याशीच बोलत होती." असेल का रे तुला माहीत? तू कॅमेऱ्याच्या मागे होतास. आठवत असेल तर इथे येऊन त्यांना सांग. पत्रात लिहू नकोस. मी वाचून दाखवणार नाही.

मागची फळी कपाटाला टेकलेली आहे. पेटी मागून उघडी आहे, आतला हिरवा दिवा भिंतीवर पडतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, धूळ जाईल आत. बाबा म्हणाले, "जाऊ दे."

आज सकाळी नेहमीसारखी त्यांनी काडेपेटी काढली. या कानाशी हलवली. त्या कानाशी हलवली. पुन्हा या कानाशी, जोरात. मी चहा गाळत होते, मी बघत नाही असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ती माझ्यासमोर धरली, हलवली आणि विचारलं,

"वाजतायत ना गं?"

मी सांगितलं, वाजतायत बाबा.

वाजतायत रे. चारही आहेत. त्यांच्यासाठी माझे कान आहेत तोवर मी सांगत राहीन. पण तुझं बोलणं मी त्यांना ओरडून सांगू शकणार नाही. ते तुझं तुलाच सांगावं लागेल, आणि लवकर.

स्क्रूड्रायव्हर खोक्यावरच ठेवलाय.

घसा बसलेली,
तुझी ताई